खारघरच्या पेशी मेहकरपर्यंत याव्यात

प्रति,
मा. ना. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय राज्यमंत्री, आयुष (स्वतंत्र कार्यभार) तसेच आरोग्य व कुटुंब कल्याण,
नवी दिल्ली

माननीय प्रतापराव,



आयुषचा स्वतंत्र कार्यभार आणि आरोग्य खात्याचे राज्यमंत्रिपद या दोन्ही जबाबदाऱ्या मेहकर तालुक्यातल्या माणसाकडे आल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. त्या अभिमानातूनच हिवरा आश्रमातून हे पत्र लिहितो आहे. मी इथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जीवशास्त्र शिकवणाऱ्याकडे गावातले लोक आजारपणाची फाइल घेऊन येतात आणि डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेले मराठीत सांगा म्हणतात. अलीकडे फाइलसोबत मोबाइलवर आलेली एखादी बातमीही दाखवतात. मुंबईत रुग्णाच्याच पेशी बदलून ब्लड कॅन्सर बरा करतात, अशी ती बातमी असते. मग तीन प्रश्न येतात. हे खरे आहे का? पैसे किती लागतात? आणि जायचे कुठे? पहिल्याचे उत्तर मी देऊ शकतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या खात्याच्या निर्णयांवर अवलंबून आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहावेसे वाटले.

बातमी खरी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे काम सुरू झाले. टाटा मेमोरियलचे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्या चमूंनी ते रुग्णांपर्यंत नेले. २०१८ मध्ये आयआयटीतूनच इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. जून २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियामकाने परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत या उपचाराचे लोकार्पण केले. नाव नेक्सकार-१९. पूर्णपणे भारतात घडलेला हा पहिला कार-टी उपचार.

त्यात काय होते, हे मी वर्गात सांगतो तसेच इथे सांगतो. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम. पण कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली असल्याने अनेकदा त्यांच्या नजरेतून सुटते. म्हणून रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर एक नवा ग्राही (रिसेप्टर) उगवतो, आणि तो बी-पेशींवरचे सीडी-१९ नावाचे प्रथिन ओळखतो. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून सलाइनसारख्या पुन्हा रुग्णाच्या अंगात सोडतात. बी-पेशींपासून झालेला ल्युकेमिया किंवा लिम्फोमा असेल तर या पेशी त्याला शोधून मारतात. चांगल्या बी-पेशीही त्यात जातात, पण त्यांच्याशिवाय माणूस औषधांच्या आधाराने जगू शकतो.

हे ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांत जी आशा येते, ती खोटी ठरू नये म्हणून पुढचे आकडेही मी सांगतोच. मार्च २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकूण ६४ रुग्ण होते, आणि सगळे असे की आधीचे उपचार त्यांच्यावर चालले नव्हते किंवा आजार उलटला होता. ज्यांचे मूल्यमापन करता आले त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांवर उपचाराचा परिणाम दिसला. दोन मृत्यू उपचारामुळे झाले. आणि आजार पुन्हा डोके वर काढेपर्यंतचा मध्यक काळ लिम्फोमात सुमारे चार महिने आणि ल्युकेमियात सुमारे सहा महिने होता. काहींना त्याहून पुष्कळ अधिक काळ मिळाला, काहींना कमी. ज्या माणसाला डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले होते, त्याच्यासाठी हे फार मोठे आहे. तरीही काम अर्धेच झाले आहे, हेही त्या आकड्यांत स्पष्ट दिसते.

आजार का उलटतो? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळते, कारण त्याने ते पऱ्हाटीत पाहिले आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेजारच्या जालन्यातल्या महिकोचे बियाणे आपल्या शेतांत आले. सुरुवातीची वर्षे बोंडअळी दिसेनाशी झाली. मग गुलाबी बोंडअळीने त्या एका-दोन जनुकांशी जुळवून घेतले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्याने बोंडे फोडून आत अळी पाहिली. कर्करोगातही तेच घडते. सगळ्या मारेकरी पेशी एकाच खुणेवर चालून जातात. ज्या थोड्या कर्कपेशींच्या अंगावर सीडी-१९ नसते किंवा ज्या ते टाकून देतात, त्या वाचतात आणि वाढतात. दुसरे कारण म्हणजे घडवलेल्या पेशीच थकतात, मारणे सोडून देतात. एका जनुकावर विसंबून चालत नाही, हा धडा बीटीने दिला. पेशींच्या बाबतीत तो शिकायला आपल्याला पुन्हा पंधरा वर्षे लागू नयेत.

कृत्रिम बुद्धिमत्ता या कामात येते ती इथे. पेशीच्या आत कोणते संदेश गेले म्हणजे ती जास्त काळ टिकेल आणि जोमाने मारेल, हे ठरवणारे प्रथिनांचे छोटे तुकडे असतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात वेंडेल लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १३ तुकडे घेतले आणि त्यांच्या जुळण्यांतून सुमारे २३०० वेगवेगळ्या रचनांचा संच तयार केला. त्यांतल्या थोड्याच प्रत्यक्ष पेशींत घालून पाहिल्या. त्या थोड्या निकालांवर संगणकाला शिकवले आणि उरलेल्यांपैकी कोणत्या चांगल्या ठरतील ते त्यालाच विचारले. २०२२ मध्ये हे काम सायन्समध्ये आले. पेशी अशा तुकड्या-तुकड्यांनी जुळवण्याच्या शास्त्राला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. हजारो जुळण्यांतून नेमकी कोणती घ्यायची, हे माणसाला एकेक करून पाहता येत नाही, म्हणून तिथे एआय लागते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले ते प्रथिनांचा आकार संगणकाने ओळखण्यासाठी आणि निसर्गात नसलेली प्रथिने रचण्यासाठी. म्हणजे हे शास्त्र आता कल्पनेच्या पुढे गेले आहे. पुढच्या पिढीच्या पेशींचा आराखडा संगणकावर आधी तयार होणार.

साहेब, आपल्या जिल्ह्याचा खरा संबंध यानंतर येतो. ल्युकेमिया आणि लिम्फोमा भयंकर आहेत, पण आपल्या गावांत जबड्याचा आणि गालाचा कर्करोग अधिक दिसतो. तंबाखू-चुना, खर्रा, पुडी. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी पानटपरीच्या मागे काय चालते ते आपण जाणता. या गाठीच्या कर्करोगांवर कार-टी अजून नीट चालत नाही. एक मोठे कारण असे की गाठीच्या पेशीवर जी खूण असते, तीच बहुधा चांगल्या त्वचेवर, फुप्फुसावर, आतड्यावरही असते. एका खुणेवर हल्ला केला तर चांगले अवयवही मरतील. म्हणून शास्त्रज्ञ अशा पेशी घडवत आहेत की ज्यांना दोन खुणा एकत्र दिसल्याशिवाय त्या मारतच नाहीत. आता कोणत्या दोन? २०२० मध्ये लिम आणि ओल्गा ट्रोयान्स्काया यांच्या चमूंनी ३३ प्रकारच्या कर्करोगांची ३४ प्रकारच्या निरोगी ऊतींशी तुलना करून २५ लाखांहून अधिक जोड्या संगणकावर तपासल्या.

त्या तपासणीसाठी लागणारी माहिती मात्र कुठून आली? बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णालयांतून. त्या देशांत गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीशी होणारा कर्करोग विरळाच. तिथले तोंडाचे कर्करोग मुख्यतः सिगारेट आणि दारूतून येतात. आपल्याकडे पुडी गालात धरून ठेवतात, म्हणून तो गालाशी होतो. हा फरक फक्त जागेचा नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पात भारताच्या वतीने नेमका हाच कर्करोग अभ्यासला. २०१३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की इथल्या रुग्णांच्या गाठीत काही जनुके अशी बिघडलेली असतात, की ज्यांची नोंद तोंडाच्या कर्करोगात आधी कोणी केली नव्हती. संगणकाला जे दाखवले नाही ते तो ओळखणार नाही. आपल्या माणसांच्या गाठी त्याने पाहिल्याच नाहीत, तर त्याने रचलेली पेशी आपल्या माणसासाठी रचलेली असेल असे समजता येत नाही.

तेव्हा मागणी पहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या गाठींचे नमुने आणि त्यांची जनुकीय माहिती पद्धतशीर गोळा व्हावी, आणि ती देशाच्या मालकीच्या साठ्यात राहावी. जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने बायो-ई-थ्री धोरण मंजूर केले, त्यात अचूक जैविक उपचारांचा विषय आहे. इंडिया एआय मिशनसाठी २०२४ मध्ये १० हजार ३७२ कोटी रुपये मंजूर झाले. धोरणही आहे आणि पैसाही आहे. त्यांच्या यादीत गालाचा कर्करोग वरच्या ओळीत यावा, एवढेच मागतो.

नमुना देणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न त्याच्याच जोडीला येतो. शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड या भागातल्या माणसांचे केस मुठी-मुठीने गळू लागले, ते आपल्याला मी सांगायला नको. पथके आली, रक्त घेतले, पाणी घेतले, माती घेतली. लोकांनी काहीही विचारपूस न करता हात पुढे केला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः चाचण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. अधिकृत उत्तराची वाट मात्र त्या गावांनी फार काळ पाहिली. तिथल्या मुलींची लग्ने जुळायची थांबली होती, त्यांच्यासाठी एकेक आठवडा मोठा होता. ज्याचे रक्त घेतले त्याला निकाल आधी, लेखी आणि मराठीत मिळाला पाहिजे. पेशींच्या संशोधनातही हाच नियम हवा. संमतिपत्र मराठीत, वाचून दाखवून. माहिती कोण वापरणार हे स्पष्ट. आणि त्या माहितीतून उपचार तयार झाला तर ज्या जिल्ह्यांनी नमुने दिले त्यांना तो परवडेल अशा दरात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आरोग्यातल्या एआयसाठी २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दराची हमी मात्र सरकारला करारात लिहून घ्यावी लागेल, आणि ती संशोधनाला सरकारी पैसा देतानाच लिहून घेता येते. नंतर घेता येत नाही. बीटी बियाण्याच्या किमती देशभर आवरायला २०१५ उजाडले होते, तेव्हा केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. मधल्या तेरा वर्षांत शेतकऱ्याने काय सोसले ते विदर्भाला माहीत आहे.

आता लोकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत अशा उपचाराला केवळ पेशींसाठी तीन-चार कोटी रुपये पडतात. नेक्सकार-१९ बाजारात आले तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास होते. एक दशांश दरात हे करून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांना मी मनापासून नमस्कार करतो. त्यांनी विषाणू-वाहक बाहेरून विकत आणण्याऐवजी इथेच बनवले, आणि पेशींची रचनाही अशी केली की दुष्परिणाम सौम्य राहावेत. दुष्परिणाम सौम्य म्हणजे अतिदक्षता विभागातले दिवस कमी, म्हणजे खर्च कमी. पण दोन एकर कोरडवाहू सोयाबीनवाल्या कुटुंबाला चाळीस लाख आणि चार कोटी यांत फरक काय? दोन्हींत शेत जाते आणि तरी पुरत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. उरलेले पस्तीस लाख कोण देणार?

राज्याने अलीकडे अवयव प्रत्यारोपणासारख्या, पाच लाखांच्या पलीकडे जाणाऱ्या काही उपचारांसाठी राखीव निधीची वाट धरली आहे. त्या वाटेवर कार-टीला जागा मिळावी, आणि केंद्राने त्यात निम्मा वाटा उचलावा. या उपचाराला पात्र ठरणारे रुग्ण दरवर्षी एखाद्या जिल्ह्यात मोजकेच असतील. निधी अमर्याद लागणार नाही. दुसरी वाट खरेदीची आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरच्या रुग्णालयांची औषधे एकत्र खरेदी करून दर खाली आणले आहेत. जानेवारी २०२५ पासून बंगळुरूच्या इम्युनील कंपनीचाही कार-टी उपचार बाजारात आहे. दोन उत्पादक झाले म्हणजे सरकारला घासाघीस करता येते. ती आपल्या खात्याने करावी.

तिसरा प्रश्न अंतराचा. मला तो पैशांहून अवघड वाटतो, कारण पैशांसाठी निदान वर्गणी काढता येते. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरहून मुंबई एका दिवसात गाठता येते हे खरे. पण कार-टी हा एका फेरीचा उपचार नाही. आधी तपासण्या, मग पेशी काढणे, मग त्या तयार होईपर्यंत काही आठवडे थांबणे, मग पेशी दिल्यावर ताप, रक्तदाब कोसळणे यावर नजर ठेवण्यासाठी रुग्णालयात आणि त्यानंतर जवळपास राहणे. सोबत घरातला एक कमावता माणूस. हंगाम असेल तर तो कसा थांबणार? नंतरही प्रकरण संपत नाही. बी-पेशी गेल्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्‌महिने राहतो. पेशीत जनुक कायमचे बसवले जाते अशा उपचारांनंतर रुग्णावर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असे अमेरिकेच्या नियामकाचे सांगणे आहे. घाटबोरी, डोणगाव, जानेफळ इथल्या रुग्णावर पंधरा वर्षे लक्ष ठेवणार कोण? खारघरहून फोनवर?

बुलढाण्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. शंभर विद्यार्थ्यांची ती संस्था अजून बाल्यावस्थेत आहे, आणि म्हणूनच तिला आत्ता वळण लावता येईल. तिथे रक्तविकारांचा एक लहान विभाग असावा. टाटाशी त्याचा लेखी करार असावा. रुग्णाची निवड आणि सुरुवातीच्या तपासण्या बुलढाण्यात, पेशी काढणे-देणे खारघरला, आणि परतल्यावरची सगळी देखरेख पुन्हा बुलढाण्यात. त्यासाठी लागतात दोन प्रशिक्षित डॉक्टर, चार परिचारिका, फ्लो सायटोमीटर नावाचे एक यंत्र आणि रात्री ताप आला तर उचलला जाईल असा एक फोन. कार-टी घेतलेल्या माणसाचा ताप साधा समजून कोणी तालुक्याच्या गावी नुसती गोळी दिली, तर तो दगावू शकतो. म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही याची तोंडओळख हवी. प्रतापराव, या पत्रातले एकच काम करायचे ठरवलेत तर हे करा.

कारण पुढे जे येते आहे त्यासाठीही हीच पूर्वतयारी लागणार आहे. पेशी बाहेर काढून बदलण्याऐवजी शरीरातच बदलण्याचे प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चरबीच्या सूक्ष्म कणांत एमआरएनए भरून ते शिरेतून द्यायचे आणि टी-पेशींच्या अंगावर आतच नवा ग्राही उगवायचा, अशी ती पद्धत. ती यशस्वी ठरली तर प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा खर्चच निघून जाईल. आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्याच्या जिनोव्हाने जेमकोव्हॅक ही एमआरएनए लस बनवली, तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात, २ ते ८ अंशांत टिकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो फ्रिज पोलिओची लस सांभाळतो, तोच. पवईचे जनुक, पुण्याचा कण आणि बुलढाण्याची देखरेख ही साखळी महाराष्ट्रातच जुळू शकते. त्यासाठी एक संयुक्त प्रकल्प आपल्या खात्याने मागवावा.

सिकलसेलबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर देशाचे मिशन जुलै २०२३ पासून चालू आहे. विदर्भात हा आजार असल्याचे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच लॅन्सेटमध्ये लिहिले होते. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. बारावीच्या पुस्तकात तो धडा आहे आणि दर वर्षी तो शिकवताना माझा आवाज थोडा बदलतो. परदेशात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने यावर केलेल्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी देशी क्रिस्पर विकसित केले, नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा-१०१ या नावाने त्याची घोषणा झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरमकडे दिले गेले. चाचण्यांसाठी रुग्ण निवडताना गडचिरोली, चंद्रपूरसोबत आपल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांचाही विचार व्हावा. तोवर हायड्रॉक्सियुरियाची गोळी एकाही रुग्णाची चुकू नये. नवे येईपर्यंत जुने नीट देणे, हेही याच कामात मोडते.

एक गोष्ट आयुष मंत्री म्हणून सांगायची आहे. हिवरा आश्रम ज्यांनी उभा केला ते शुकदास महाराज रुग्णसेवेतूनच ओळखले गेले. त्यांच्याकडे दूरदूरहून माणसे यायची. रुग्णाचा या मातीवरचा विश्वास फार जुना आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण त्याच विश्वासाचा फायदा घेऊन ब्लड कॅन्सर काढ्याने घालवतो म्हणणारे लोकही आज मोबाइलमधून घरात शिरले आहेत. माझ्याकडे आलेल्या फायलींत निदान आणि पहिला खरा उपचार यांत कित्येक महिन्यांची फट असते, आणि त्या फटीत पैसेही गेलेले असतात आणि रक्तातल्या चांगल्या पेशीही. आजार जितका पसरलेला तितक्या टी-पेशी क्षीण. मग कार-टीसाठी घेण्यासारखे काही उरत नाही. कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती बजावण्यासाठी आपल्यापेक्षा योग्य माणूस आज देशात नाही, कारण आयुषचे मंत्री जे बोलतील त्याला पारंपरिक औषधांवर श्रद्धा असलेला माणूस सर्वात आधी मान देईल. आपण एकदा मराठीत, आपल्या आवाजात, असे सांगा: कर्करोगाचा संशय आला की आधी तपासणी, आधी कर्करोगतज्ज्ञ, आयुष त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

शेवटची विनंती हिवरा आश्रमापुरती आहे. पौष महिन्यात इथे विवेकानंद जन्मोत्सव होतो. ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, हजारो स्वयंसेवक लाखांच्या पंगती शिस्तीत बसवतात, हे आपण अनेकदा पाहिले आहे. एवढी माणसे, एवढी शिस्त आणि एवढे हात एकाच जागी क्वचितच मिळतात. येत्या उत्सवात बुलढाण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा तंबू इथे लागावा. टॉर्च घेऊन तोंड तपासायला दोन मिनिटे पुरतात. गालात पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडत नसले, तर त्या माणसाला तिथेच पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्यावी. ज्यांची इच्छा असेल त्यांची, मराठी संमतिपत्रावर, कर्करोग संशोधनासाठी नोंद व्हावी. माझे विद्यार्थी नोंदणीच्या टेबलावर बसतील. आश्रमाच्या विश्वस्तांशी बोलायची जबाबदारी मी घेतो. महाविद्यालयाला आदेश आणि टाटाला पत्र आपल्या कार्यालयातून जावे.

उत्तराची वाट पाहतो.

आपल्या मतदारसंघातला,
एक जीवशास्त्र शिक्षक
हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा